मुक्तजीवी अमीबामुळे होणारा मेंदूचा संसर्ग आणि त्याचे निदान : इंदूरकर मराठी वाचकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केरळमधून २०२४ आणि २०२५ मध्ये सतत आलेल्या बातम्यांमुळे ‘मेंदू खाणारा अमीबा’ हे शब्द इंदूरमधल्या मराठी घरांतही पोहोचले आहेत. बातम्यांमधून भीती पोहोचली. पण हा आजार ओळखायचा कसा, कोणत्या तपासणीने ओळखायचा आणि ओळख चुकते ती नेमकी कुठे, हे मात्र फारसे पोहोचले नाही. खालील प्रश्न घरातल्या मंडळींनी, फॅमिली डॉक्टरांनी आणि लहान प्रयोगशाळांतल्या तंत्रज्ञांनी विचारलेले आहेत. त्यामुळे काही उत्तरे सर्वांसाठी आहेत, तर काही थोडी तांत्रिक आहेत.

हे अमीबा कोणते? आव पडते तेव्हा पोटात असतो तोच का?

नाही. आवेला कारणीभूत होणारा एन्टअमीबा हिस्टोलिटिका हा माणसाच्या आतड्यात राहणारा परजीवी आहे. तो क्वचित यकृतातून मेंदूपर्यंत जाऊन तिथे गळू करतो, पण तो वेगळा आजार आहे. मुक्तजीवी अमीबा माती, तळी, विहिरी, नद्या आणि टाक्यांमधला गाळ यांत जिवाणू खाऊन स्वतंत्रपणे जगतात आणि जगण्यासाठी त्यांना माणसाची गरज नसते. त्यांच्या असंख्य जातींपैकी मेंदूचा आजार करणाऱ्या म्हणून तीन नावे लक्षात ठेवावी लागतात : नेग्लेरिया फाउलेरी, अकांथामीबाच्या काही जाती आणि बालामुथिया मँड्रिलॅरिस. सॅपिनिया नावाच्या चौथ्या अमीबाचा एकच रुग्ण २००१ मध्ये नोंदला गेला आहे.

नेग्लेरियाचे पहिले रुग्ण ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे फाउलर आणि कार्टर यांनी १९६५ मध्ये वर्णन केले. भारतात कोलकात्याच्या दोन मुलांविषयीचा अहवाल १९७१ मध्येच प्रसिद्ध झाला होता. तेव्हा हा आजार आपल्याकडे नव्याने आला आहे असे मानण्याचे कारण नाही. आता आपण तो शोधू लागलो आहोत, एवढाच फरक आहे.

इंदूरमध्ये राहणाऱ्यांनी याचा विचार का करावा?

नेग्लेरिया उष्णताप्रेमी आहे. तो ४५ अंश सेल्सिअसलाही वाढू शकतो आणि उन्हाळ्यात तापलेल्या, संथ, उथळ पाण्यात त्याची संख्या वाढते. घाट उतरून निमाडात गेले की मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, आणि नेमक्या त्याच सुट्टीत आपली मुले पाताळपाणी, चोरल, महेश्वर, ओंकारेश्वर इथे किंवा खानदेशात मामाच्या गावी विहिरीत उड्या मारायला जातात. याचा अर्थ प्रत्येक डुबकी घातक आहे असा मुळीच नाही. दरवर्षी लाखो लोक अशा पाण्यात उतरतात आणि त्यांना काहीही होत नाही. हा आजार अत्यंत दुर्मिळ आहे आणि दुर्मिळच राहील. मात्र दुर्मिळतेमुळेच तो डॉक्टरांच्या मनात पहिल्या दिवशी येत नाही, आणि या आजारात पहिला दिवस फार मोलाचा असतो.

नर्मदेचे किंवा विहिरीचे पाणी पिण्यात गेले, तर संसर्ग होतो का?

पोटात गेलेल्या पाण्यातून नेग्लेरियाचा मेंदूचा संसर्ग होत नाही. पाणी जोराने नाकात शिरले तर अमीबा नाकाच्या वरच्या भागातल्या अस्तराला चिकटतो, वासाच्या मज्जातंतूंच्या कडेने चाळणीसारख्या हाडाच्या सूक्ष्म छिद्रांमधून वर सरकतो आणि थेट मेंदूच्या खालच्या भागात पोहोचतो. म्हणूनच सूर मारणे, पाण्याखाली जाणे, तळातला गाळ ढवळणे आणि नाकात पाणी ओढणे यांना महत्त्व आहे. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये दोन व्यक्तींचा मृत्यू नळाच्या पाण्याने जलनेती (नाकातून पाणी सोडून नाक धुणे) केल्यामुळे झाला होता, आणि कराचीमध्ये पोहण्याचा काहीही इतिहास नसलेल्या अनेक व्यक्तींना हा आजार झाला. तेव्हा ‘आमचा मुलगा पोहायला गेलाच नव्हता’ एवढ्या उत्तरावर डॉक्टरांनी थांबू नये. जलनेती करणाऱ्यांनी पाणी खळखळून उकळून कोमट करून घ्यावे किंवा निर्जंतुक पाणी वापरावे. हा नियम कोणत्याही ऋतूत मोडू नये.

अकांथामीबा आणि बालामुथिया यांचे मार्ग वेगळे आहेत. ते जखमी त्वचेतून किंवा श्वासावाटे फुप्फुसात शिरतात आणि रक्तातून मेंदूत पोहोचतात.

नेग्लेरियाच्या संसर्गाची लक्षणे कोणती? ती नेहमीच्या मेंदूज्वरापेक्षा वेगळी असतात का?

पाण्याशी संबंध आल्यापासून १ ते १२ दिवसांत, बहुधा पाचव्या दिवसाच्या सुमारास, तीव्र डोकेदुखी, ताप, मळमळ आणि उलट्या सुरू होतात. काही रुग्णांना सुरुवातीला वास किंवा चव बदलल्यासारखी वाटते. पुढे मान ताठ होणे, उजेड सहन न होणे, गोंधळलेपणा, झटके आणि बेशुद्धी हा क्रम काही तासांत ते एकदोन दिवसांत येऊ शकतो. नुसती लक्षणे पाहून हा आजार आणि जिवाणूंमुळे होणारा मेंदूज्वर यांत फरक करणे कोणत्याही अनुभवी डॉक्टरला शक्य नाही, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. फरक कळतो तो दोन ठिकाणी : रुग्णाच्या इतिहासात आणि मज्जाद्रवाच्या, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या ‘पाठीतल्या पाण्याच्या’, ताज्या थेंबात.

मग डॉक्टरांना काय सांगावे?

मागच्या दोन आठवड्यांत रुग्ण कुठे पोहला, कोणत्या पाण्यात डोके बुडवले, विहिरीच्या किंवा टाकीच्या पाण्याने नाक धुतले का, तान्ह्या बाळाला कोणत्या पाण्याने न्हाऊ घातले, जलनेती किंवा नस्य (नाकात औषध सोडणे) केले का, हे न विचारताही सांगावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर त्याच्याबरोबर सहलीला गेलेल्या भावंडांना आणि मित्रांना फोन करून विचारावे, कारण मुले बऱ्याचदा घरी न सांगता तळ्यावर जातात आणि रागावतील म्हणून नंतरही गप्प राहतात. अशा वेळी त्यांना रागावू नये. ‘खरे सांग, दादाला वाचवायला त्याचा उपयोग होईल’ असे सांगितले की मुले बोलतात.

केरळमध्ये २०२४ मध्ये १४ वर्षांचा एक मुलगा या आजारातून बरा झाला. त्याच्या वडिलांनी या अमीबाविषयी आधी वाचलेले होते आणि मुलगा तलावात पोहल्याची माहिती त्यांनी स्वतःहून डॉक्टरांना दिली होती. उपचार डॉक्टरांनी केले हे खरेच, पण निदानाची पहिली पायरी त्या वडिलांनी रचली.

आजारापासून १२ दिवसांच्या आतला असा काही इतिहास असेल, तर तो केसपेपरवर लिहिला गेला आहे याची खात्री करून घ्यावी. रुग्णाला गावातल्या दवाखान्यातून जिल्हा रुग्णालयात आणि तिथून इंदूरला एमवाय या सरकारी रुग्णालयात किंवा एखाद्या खासगी रुग्णालयात हलवताना तोंडी सांगितलेली माहिती पहिल्या दोन फेऱ्यांतच गळून पडते.

‘पाठीतले पाणी’ काढणे धोक्याचे असते, त्याने अर्धांगवायू होतो, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

ही समजूत मालव्यात, निमाडात आणि खानदेशातही फार खोल रुजलेली आहे, आणि तिच्यामुळे किती मौल्यवान तास वाया जातात हे रुग्णालयात काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांच्या पातळीवर संपतो आणि सुई त्याच्या बरीच खाली घातली जाते, त्यामुळे या तपासणीने पाय लुळे पडण्याची भीती बाळगू नये. तपासणीनंतर काही जणांना एकदोन दिवस डोकेदुखी होते. खरा धोका वेगळाच आहे : मेंदूला मोठी सूज असेल किंवा मेंदूत गाठ असेल तर द्रव काढल्यावर दाबाचा तोल बिघडू शकतो. म्हणून तशी शंका असल्यास डॉक्टर आधी सीटी स्कॅन करतात आणि मग निर्णय घेतात. डॉक्टर संमती मागत असतील तर प्रश्न जरूर विचारावेत, पण उत्तर मिळाल्यावर ‘घरच्यांना विचारून उद्या सांगतो’ असे म्हणू नये.

मज्जाद्रवाच्या तपासणीत काय दिसते, आणि निदान चुकते कुठे?

हा या विषयाचा गाभा आहे. नेग्लेरियाच्या संसर्गात मज्जाद्रवाचा दाब वाढलेला असतो, पांढऱ्या पेशी पुष्कळ असतात आणि त्यांत न्यूट्रोफिल या प्रकारच्या पेशी जास्त असतात, प्रथिने वाढलेली असतात आणि साखर कमी असते. हे चित्र जिवाणूजन्य मेंदूज्वराचेही हुबेहूब असेच असते. फरक इतकाच, की ग्रॅम स्टेनमध्ये (जिवाणू रंगवून पाहण्याच्या तपासणीत) जिवाणू दिसत नाहीत आणि नेहमीच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) काही वाढत नाही.

आता आपल्याकडची परिस्थिती लक्षात घ्यावी. इंदूरच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत बहुतेक रुग्णांना गावात किंवा वाटेत अँटिबायोटिकची एकदोन इंजेक्शने मिळालेली असतात. मग जिवाणू का सापडले नाहीत याचे एक तयार उत्तर हाताशी असते : ‘अर्धवट उपचार झालेला मेंदूज्वर’. हे उत्तर शंभरांतल्या बहुतेक वेळा बरोबरही असते, म्हणूनच ते इतके फसवे आहे. न्यूट्रोफिल भरपूर, साखर कमी, जिवाणू नाहीत आणि योग्य अँटिबायोटिक सुरू असूनही रुग्ण ढासळतो आहे, असे चित्र दिसले की तेवढ्या उत्तरावर समाधान न मानता अमीबाचा शोध घेतला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पाण्याचा इतिहास असेल तर ढासळण्याची वाटही पाहू नये. अँटिबायोटिकमुळे अमीबा मरत नाहीत. त्यामुळे आधी इंजेक्शने मिळालेल्या रुग्णाच्या द्रवातही ते दिसू शकतात.

दुसरी चूक ग्रॅम स्टेनवर विसंबण्याची. काचेवरचा थर उष्णतेने पक्का करताना अमीबा नष्ट होतात, म्हणून ग्रॅम स्टेन ही अमीबाची तपासणी नव्हे. तिसरी चूक पेशी मोजण्याच्या काचेच्या खान्यात होते. गोलसर झालेला, शांत पडलेला अमीबा पांढऱ्या पेशीसारखाच दिसतो. घाईत तो लिम्फोसाइट किंवा मॅक्रोफेज (पांढऱ्या पेशींचेच प्रकार) म्हणून मोजला जातो आणि यंत्राने मोजणी केली तर यंत्रही त्याला पांढरी पेशीच समजते. अहवालात पेशींचा आकडा छापून येतो आणि ज्याचा शोध घ्यायचा तो त्या आकड्यात दडून राहतो.

प्रयोगशाळेने नेमके काय करावे? नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा का?

सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी आणि कल्चरसाठी असलेला नमुना फ्रिजमध्ये कधीही ठेवू नये. थंडीने अमीबाची हालचाल थांबते, आणि त्याची ओळख मुख्यतः हालचालीवरूनच होते. नमुना खोलीच्या तापमानाला ठेवून लगेच, शक्यतो तासाभराच्या आत, पाहावा. अमीबा नळीच्या भिंतीला चिकटतात, म्हणून थेंब घेण्यापूर्वी नळी हलक्या हाताने हलवावी. द्रव सेंट्रिफ्यूज करायचा असेल तर वेग कमी ठेवावा आणि तळाशी बसलेल्या भागाचा थेंब काचेवर घेऊन त्यावर कव्हरस्लिप ठेवावी. हेच वेट माउंट. साध्या सूक्ष्मदर्शकावर कंडेन्सर खाली करून प्रकाश कमी केला तरी पुरेसे दिसते. फेज कॉन्ट्रास्ट असेल तर उत्तम. काच किंचित कोमट, शरीराच्या तापमानाच्या जवळ ठेवली तर हालचाल स्पष्ट होते.

नेग्लेरिया साधारण १० ते २५ मायक्रोमीटरचा असतो. तो एका दिशेने, पुढच्या बाजूला गोलसर फुगवटे टाकत, डोळ्यांदेखत सरकतो. पांढऱ्या पेशीही आकार बदलतात, पण इतक्या लगबगीने जागा सोडत नाहीत. केंद्रकाच्या मधोमध मोठा, ठळक ठिपका दिसतो. पाहणाऱ्याने घाईने क्षेत्र बदलत जाण्यापेक्षा संशयास्पद पेशीवर काही मिनिटे नजर स्थिर ठेवावी. शंका राहिली तर त्या द्रवाचा एक थेंब १ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून ३७ अंश सेल्सिअसला ठेवावा. काही तासांत पेशींना दोन शेपट्यांसारखे कशाभ फुटून त्या पोहू लागल्या, तर तो नेग्लेरिया आहे, कारण अकांथामीबा आणि बालामुथिया असे रूप घेत नाहीत. मात्र कशाभ फुटले नाहीत म्हणून नेग्लेरिया नाहीच, असे ठरवू नये. वाळवलेल्या थरावर गिम्सा किंवा राइट स्टेन केल्यास केंद्रकाची रचना पाहता येते आणि ती काच दुसऱ्या तज्ज्ञालाही दाखवता येते. मोबाइलवर हालचालीचा व्हिडिओ घेऊन ठेवावा. दूरच्या तज्ज्ञाला मत देण्यासाठी त्याचा फार उपयोग होतो.

कल्चरसाठी नॉन-न्यूट्रिएंट अगारवर ई. कोलाय जिवाणूंचा थर देऊन त्यावर नमुना ठेवतात. अमीबा जिवाणू खात पुढे सरकतात आणि मागे वाटा उमटतात. नेग्लेरिया आणि अकांथामीबा असे वाढतात, बालामुथिया वाढत नाही, कारण त्याला सस्तन प्राण्यांच्या पेशींचे कल्चर लागते. कल्चरला दिवस लागतात, तेव्हा उपचाराचा निर्णय त्यावर थांबवू नये.

या सगळ्यात महागडे काही नाही. सूक्ष्मदर्शक, कव्हरस्लिप, डिस्टिल्ड वॉटर आणि वीस मिनिटे थांबून पाहणारा माणूस एवढे तालुक्याच्या ठिकाणीही मिळू शकते. फक्त मागणीपत्रावर डॉक्टरांनी ‘अमीबासाठी वेट माउंट, तातडीने’ असे लिहिले पाहिजे आणि शक्य तर स्वतः फोन केला पाहिजे. न सांगता प्रयोगशाळा हे शोधेल अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही.

मेंदूज्वराचे मोठे पीसीआर पॅनल निगेटिव्ह आले आहे. म्हणजे अमीबा नाही ना?

तसे नाही. मेंदूज्वरासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या तयार पॅनलमध्ये जिवाणू, विषाणू आणि बुरशी यांचे १४ प्रकार तपासले जातात. त्यांत हे अमीबा नाहीत. जे तपासलेच नाही ते ‘निगेटिव्ह’ आले असे म्हणता येत नाही. कोणत्या रोगकारकांची तपासणी झाली ती यादी अहवालात असते. ती वाचावी.

अमीबाचे पीसीआर कसे आणि कुठे होते?

अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये तिन्ही अमीबा एकाच चाचणीत ओळखणारे रिअल-टाइम पीसीआर प्रसिद्ध केले. आपल्या देशात या अमीबांवर दीर्घकाळ काम करणारी ठळक संस्था म्हणजे चंडीगडची पीजीआय, आणि केरळने आपल्या राज्यात ही सोय उभी केली आहे. इंदूरच्या डॉक्टरांनी नमुना पाठवण्यापूर्वी मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाशी किंवा थेट संदर्भ प्रयोगशाळेशी बोलून घ्यावे. इथे एक बारकावा आहे : पीसीआरसाठीचा द्रव काहीही न मिसळता, थंड ठेवून पाठवतात, तर सूक्ष्मदर्शकासाठीचा आणि कल्चरसाठीचा द्रव थंड करायचा नसतो. म्हणून द्रव काढतानाच स्वतंत्र नळ्या भरून त्यांवर तसे लिहावे. पीसीआर निदान पक्के करते आणि जात ठरवते. पण नमुना प्रवासात असताना रुग्णाचा आजार थांबत नाही.

सीटी किंवा एमआरआयमध्ये हा आजार दिसतो का?

नेग्लेरियाच्या सुरुवातीला सीटी अगदी नॉर्मल असू शकतो आणि पुढे सर्वसाधारण सूज दिसते. नॉर्मल स्कॅन पाहून निर्धास्त होऊ नये. बाकीच्या दोन अमीबांमध्ये मात्र स्कॅनला मोठे महत्त्व आहे.

अकांथामीबा आणि बालामुथिया यांचे निदान वेगळे का असते?

कारण हा आजार दिवसांचा नसून आठवड्यांचा आणि महिन्यांचा असतो. डोकेदुखी, हलका ताप, स्वभावात बदल, झटके, एका बाजूची ताकद कमी होणे, अशी लक्षणे हळूहळू वाढतात. अकांथामीबाचा मेंदूचा संसर्ग बहुतेक वेळा प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना होतो : अवयवरोपण झालेले, एचआयव्हीबाधित, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे रुग्ण. बालामुथिया धडधाकट माणसालाही होतो, मुलांनाही होतो. त्याचा शोध १९८६ मध्ये सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या मँड्रिल माकडाच्या मेंदूत लागला आणि भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ गोविंद विश्वेश्वर यांनी सहकाऱ्यांसह १९९३ मध्ये त्याला स्वतंत्र नाव दिले.

एमआरआयमध्ये अनेक ठिकाणी गाठी दिसतात आणि तपासणीसाठीचे कॉन्ट्रास्ट औषध शिरेतून दिल्यावर त्यांची कडा बांगडीसारखी उजळते. आपल्याकडे असे चित्र पाहिले की पहिला विचार क्षयाच्या गाठींचा येतो आणि दुसरा न्यूरोसिस्टिसर्कोसिसचा (मेंदूतल्या पट्टकृमीच्या अळ्यांच्या गाठींचा). दोन्ही आजार इथे मुबलक असल्याने हा विचार योग्यच आहे. मज्जाद्रवात लिम्फोसाइट जास्त आणि प्रथिने वाढलेली, म्हणजे तेही क्षयाशी जुळते. अडचण पुढे सुरू होते. पुराव्याशिवाय क्षयाची औषधे आणि स्टेरॉइड सुरू होतात, सूज उतरल्यामुळे सुरुवातीला थोडे बरे वाटते, आणि मग रुग्ण पुन्हा खालावतो. तेव्हाही ‘औषधांना दाद न देणारा क्षय’ असेच नाव पुढे येते. क्षयाचा पुरावा कुठेच मिळालेला नाही आणि काही आठवड्यांनी गाठी वाढल्या आहेत, अशा रुग्णाचे निदान पुन्हा मुळापासून तपासले पाहिजे.

या दोन संसर्गांत मज्जाद्रवात अमीबा क्वचितच सापडतात, शिवाय गाठींमुळे द्रव काढणेही धोक्याचे ठरू शकते. म्हणून बायोप्सीला पर्याय उरत नाही. तत्पूर्वी रुग्णाचे सगळे अंग नीट पाहावे. नाकावर, चेहऱ्यावर, गुडघ्यावर किंवा कोपरावर महिनोन् महिने न भरणारा चट्टा किंवा व्रण असेल, तर तिथला तुकडा घेऊन निदान होऊ शकते आणि मेंदूची शस्त्रक्रिया टळू शकते. अशा चट्ट्यासाठी आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे उपचार झालेले असतात, पण मेंदूचे लक्षण दाखवताना घरचे लोक तो उल्लेख करत नाहीत.

तुकड्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा फॉर्मॅलिनविना पाठवावा. सगळाच तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर कल्चर अशक्य होते आणि पीसीआरची शक्यताही कमी होते. पॅथॉलॉजिस्टला संशय आधीच कळवावा, कारण रक्तवाहिन्यांभोवती जमलेले अमीबा मॅक्रोफेजसारखे दिसतात. ऊतीत भिंत असलेल्या पुट्या (सिस्ट, म्हणजे अमीबाचे कवचबंद रूप) सापडल्या तर त्या अकांथामीबाच्या किंवा बालामुथियाच्या असतात. नेग्लेरियाच्या पुट्या मेंदूत आढळत नाहीत. कोणता अमीबा हे फ्लुरोसंट प्रतिपिंडे (अँटिबॉडी) वापरून किंवा पीसीआरने ठरवतात.

रक्ताच्या तपासणीने निदान होत नाही का?

नेग्लेरियात प्रतिपिंडे तयार होण्याइतका वेळच मिळत नाही, आणि बाकीच्या दोन अमीबांविरुद्धची प्रतिपिंडे निरोगी माणसांतही आढळतात. रक्ताची चाचणी फार तर आधार देते, निर्णय देत नाही.

निदान पक्के होण्याआधी औषधे सुरू करता येतात का?

नेग्लेरियाचा सबळ संशय असेल तर करावीत; आणि जिवाणूंविरुद्धचे उपचार थांबवू नयेत. ॲम्फोटेरिसिन बी शिरेतून आणि गरज पडल्यास मज्जाद्रवातून, त्याच्या जोडीला रिफॅम्पिसिन, फ्लुकोनाझोल, ॲझिथ्रोमायसिन आणि मिल्टेफोसिन, तसेच मेंदूची सूज कमी करण्याचे उपाय, असा एकत्रित उपचार असतो. मिल्टेफोसिन हे भारतात काळा आजारासाठी वापरले गेलेले औषध आहे, तरी ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. केरळ सरकारने २०२४ मध्ये ते जर्मनीहून मागवले होते. म्हणून संशय येताच, अहवालाची वाट न पाहता, औषधाची शोधाशोध सुरू करावी. मात्रा आणि क्रम ठरवण्याचे काम उपचार करणाऱ्या डॉक्टरांचेच आहे.

वाचण्याची शक्यता किती असते?

खोटा दिलासा देणे योग्य नाही. अमेरिकेत १९६२ ते २०२३ या काळात नोंदलेल्या १६४ नेग्लेरिया रुग्णांपैकी चारच वाचले. पण त्या मोजक्या रुग्णांकडे बारकाईने पाहिले तर निदानाच्या वेळेचे मोल कळते. आर्कान्सामधली १२ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये पूर्ण बरी झाली. तिचे निदान लक्षणे सुरू झाल्यापासून सुमारे ३० तासांत झाले होते. त्याच वर्षी ८ वर्षांच्या एका मुलाला हीच औषधे मिळाली, पण काही दिवस उशिरा. तो वाचला, मात्र मेंदूला कायमची इजा घेऊन. केरळ सरकारने जुलै २०२४ मध्ये या आजारासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मेंदूज्वराच्या रुग्णांमध्ये अमीबा शोधण्यावर भर दिला. तिथे वाचणाऱ्यांचे प्रमाण जगाच्या तुलनेत बरेच चांगले आहे. त्यातले काही रुग्ण अकांथामीबासारख्या अन्य अमीबांचे होते, हे तुलना करताना ध्यानात ठेवावे. मध्य प्रदेशातही मेंदूज्वराच्या प्रत्येक मज्जाद्रवाचे वेट माउंट करण्याची पद्धत पडावी, अशी माझी मनापासून मागणी आहे.

रुग्णाजवळ राहिल्याने घरातल्या इतरांना लागण होते का?

होत नाही. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही, म्हणून आईने मुलाजवळ बसू नये असे कोणी म्हणत असेल तर ते ऐकू नये. मात्र त्याच पाण्यात उतरलेल्या इतर मुलांवर पुढचे १२ दिवस लक्ष ठेवावे, आणि ताप किंवा डोकेदुखी दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

कॉन्टॅक्ट लेन्समुळे होणारा अमीबाचा संसर्ग मेंदूत जातो का?

लेन्स नळाच्या पाण्यात धुतल्यामुळे होणारा अकांथामीबाचा संसर्ग डोळ्याच्या बुबुळापुरता असतो. तो वेदनादायक आणि दृष्टीसाठी धोकादायक असतो, पण मेंदूच्या आजाराशी त्याची गल्लत करू नये.

घरच्या विहिरीचे किंवा टाकीचे पाणी अमीबासाठी तपासून घ्यावे का?

रुग्णाच्या निदानासाठी त्याचा उपयोग नाही. मुक्तजीवी अमीबा इतक्या ठिकाणी असतात की पाण्यात ते सापडले म्हणून आजार सिद्ध होत नाही, आणि सापडले नाहीत म्हणून टळतही नाही. रुग्णाचे निदान झाल्यानंतर आरोग्य विभाग स्रोत शोधण्यासाठी पाण्याचे नमुने घेतो, ते वेगळे काम आहे. तपासणीवर खर्च करण्याऐवजी टाकी उन्हाळ्यापूर्वी रिकामी करून तळातला गाळ खरवडून काढावा आणि पाण्यात क्लोरीन आहे याची खात्री करावी. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात मोकळे क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे असे म्हटले आहे, तर ऑस्ट्रेलियात नेग्लेरियाच्या बंदोबस्तासाठी ते ०.५ मिलिग्रॅम ठेवतात. जलूदहून येणारे नर्मदेचे पाणी शुद्ध करून सोडले जाते, तरी गच्चीवरच्या काळ्या टाकीत ते उन्हात दिवसेंदिवस तापत राहिले तर त्यातले क्लोरीन उडून जाते. क्लोरीन तपासण्याचे साधे किट जलतरण तलावाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळते, आणि सोसायटीच्या पोहण्याच्या तलावावर त्याची रोजची नोंद लावलेली असावी, असा आग्रह रहिवाशांनी धरावा.